युजीन हूद्री

ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, रबाळे आणि घणसोली यांच्या शेजारी, तळवली हे जुने गाव आहे. पूर्वेस पारसिकचे डोंगर आणि पश्चिमेस ठाण्याची खाडी यांच्यामधला हा चिंचोळा पट्टा एके काळी भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगत असे. 1960 नंतर या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची धुराडी दिसू लागली. नोसिल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारखान्यात नाफ्ता नावाचे हलके तेल अतिशय तापवून त्याचे रेणू फोडीत आणि त्यांतून एथिलीन नावाचा वायू मिळवीत. जवळच्याच दुसऱ्या कारखान्यात त्या वायूचे हजारो रेणू एकापुढे एक गुंफून पॉलिथिनचे पांढरे दाणे तयार होत. या दाण्यांपासूनच बादल्या, डबे, पिशव्या आणि नळ्या बनल्या. नाफ्ता फोडण्याचे ते काम तेथे आता बंद झाले आहे. परंतु त्या जातीच्या पिशव्या मात्र भरतीच्या पाण्याबरोबर येऊन खाडीकाठच्या तिवरांच्या मुळांशी अडकलेल्या आजही दिसतात. त्या कुजत नाहीत, विरत नाहीत आणि गुरांच्या पोटात गेल्या तर पचतही नाहीत.

पॉलिथिन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची एक फार लांब साखळी होय. पेट्रोलही याच दोन मूलद्रव्यांचे बनलेले असते. फरक एवढाच की, पेट्रोलच्या रेणूत पाचपासून बारापर्यंत कार्बन अणू असतात, तर पॉलिथिनच्या एका साखळीत ते हजारोंनी असतात. ही साखळी योग्य ठिकाणी तोडता आली, तर कचऱ्यातून पुन्हा उपयोगी तेल हाती यावे. नुसत्या उष्णतेने ती तुटते खरी, पण कोठेही आणि कशीही तुटते. तिला कमी उष्णतेत आणि हव्या त्या बेताने तोडावयाचे, तर उत्प्रेरकाचे साहाय्य घ्यावे लागते. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा, परंतु त्या क्रियेत स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ. लांब साखळ्यांचे जड तेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने फोडण्याची व्यवहारात परवडणारी रीत ज्याने प्रथम घालून दिली, तो मनुष्य रसायनशास्त्रज्ञ नव्हता. तो होता लोखंडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा आणि मोटारींच्या शर्यतींचा शौकीन.

युजीन हूद्री यांचा जन्म 18 एप्रिल 1892 रोजी फ्रान्समध्ये पॅरिसजवळील दोमाँ या गावी झाला. त्यांच्या वडिलांचा इमारतींसाठी लागणारे पोलादी सांगाडे तयार करण्याचा मोठा कारखाना होता. घरी संपत्ती होती आणि मुलाने पुढे हाच धंदा सांभाळावा, अशी वडिलांची इच्छा होती. युजीन यांनी यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले व 1911 साली ते परीक्षेत पहिले आले. त्याबद्दल त्यांना सरकारी सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी देशातील अजिंक्यपद मिळविणाऱ्या शाळेच्या फुटबॉल संघाचे ते नायक होते. पुस्तकातील विद्या आणि मैदानातील चपळाई या दोन्ही गोष्टी एका ठायी क्वचितच आढळतात. हूद्रींच्या ठायी त्या होत्या आणि पुढील आयुष्यात दोहोंचीही त्यांना गरज पडली.

वडिलांच्या कारखान्यात ते रुळतात न रुळतात तोच 1914 साली पहिले महायुद्ध पेटले. हूद्री प्रथम तोफखान्यात व नंतर रणगाड्यांच्या पथकात दाखल झाले. रणगाडा हे त्या काळी अगदी नवे अस्त्र होते. 1917 साली ज्युव्हॅंकूर येथील लढाईत अनेक फ्रेंच रणगाडे नादुरुस्त होऊन जागीच अडकून पडले. शत्रूच्या तोफांचा भडिमार चालू असतानाच त्यांच्या दुरुस्तीची व्यवस्था करताना हूद्री जखमी झाले. या शौर्याबद्दल त्यांना फ्रान्सचे युद्धपदक देण्यात आले.

युद्धाने फ्रेंच लोकांना एक कटू धडा शिकविला होता. रणगाडे, विमाने, मालमोटारी ही सर्व पेट्रोलवर चालत. आणि फ्रान्सच्या भूमीत खनिज तेल जवळजवळ नव्हतेच. परक्या देशाचे जहाज आले नाही, तर सैन्य जागच्या जागी थबकणार, अशी स्थिती होती. युद्ध संपल्यावर हूद्री वडिलांच्या धंद्यात परतले, पण त्यांचे मन मोटारींत रमले. शर्यतीच्या गाड्या चालविण्याचा त्यांना छंद होता. अमेरिकेस जाऊन त्यांनी फोर्डचा मोटारींचा कारखाना पाहिला, इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यतही पाहिली. यंत्रे कितीही सुधारली तरी त्यांना लागणारे इंधन चांगले नसेल तर त्या सुधारणेचा उपयोग नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. हलक्या प्रतीचे पेट्रोल यंत्रात अवेळी पेटते, त्यामुळे ठोके बसतात आणि शक्ती वाया जाते. इंधनाची ही प्रत ऑक्टेन अंकाने मोजतात. अंक जितका मोठा, तितके पेट्रोल उत्तम.

1922 च्या सुमारास नीस येथील एका रसायनज्ञाने लिग्नाइटपासून, म्हणजे हलक्या प्रतीच्या तपकिरी कोळशापासून, उत्प्रेरकाच्या योगाने पेट्रोल बनविल्याची वार्ता हूद्रींच्या कानी आली. फ्रान्समध्ये लिग्नाइट होते. ही कृती साधली तर देशाची परावलंबी स्थिती संपेल, या विचाराने त्यांना झपाटले. त्यांनी पॅरिसजवळ बोशाँ येथे प्रयोगशाळा उभारली आणि त्या कामात घरचा पैसा ओतण्यास आरंभ केला. अखेर सरकारच्या पाठिंब्याने दररोज 60 टन लिग्नाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना 1929 साली सुरू झाला. पेट्रोल तयार झाले, परंतु ते बाजारातील पेट्रोलपेक्षा फार महाग पडले. सरकारने हात आखडता घेतला आणि तो कारखाना बंद करावा लागला. सात वर्षांचे श्रम आणि मोठी रक्कम यांच्या मोबदल्यात एवढेच कळले की, प्रयोगशाळेत साधलेली गोष्ट बाजारात टिकतेच असे नाही. एखादा सामान्य मनुष्य येथेच थांबला असता आणि वडिलांच्या पोलादाकडे वळला असता.

परंतु हूद्रींनी दरम्यान दुसरी एक वाट धरलेली होती. खनिज तेल उकळून त्यातील पेट्रोल, रॉकेल वगैरे हलके भाग वेगळे केल्यावर खाली जड, काळे तेल उरते. त्याचे रेणू मोठे असतात. ते फोडून पेट्रोल मिळविण्याच्या क्रियेस भंजन असे नाव आहे. उष्णता व दाब यांच्या जोरावर असे भंजन करण्याची रीत अमेरिकेत 1913 सालीच रूढ झाली होती. पण त्या पेट्रोलची प्रत बेताचीच असे. 1915 च्या सुमारास ॲल्युमिनियम क्लोराइडचा उत्प्रेरक म्हणून उपयोग करून पाहण्यात आला. परंतु तो महाग पदार्थ तेलातील घाणीत मिसळून वाया जाई व परत मिळविणे अवघड होई. हूद्रींनी शेकडो पदार्थ तपासले. निकेलसारखे धातूही पाहिले. 1927 मध्ये त्यांना हवा तो पदार्थ मिळाला, आणि तो होता सिलिका व ॲल्युमिना यांनी बनलेली एक प्रकारची माती. आम्लाने धुऊन तयार केलेल्या या मातीवरून जड तेलाची वाफ नेली की, वाफेतील लांब रेणू तुटून त्यांचे पेट्रोल होई, आणि तेही उत्तम प्रतीचे. सोने नव्हे, प्लॅटिनम नव्हे, साधी माती! हे नवे पेट्रोल हूद्रींनी आपल्या बुगाती गाडीत घालून रस्त्यावर पारखून पाहिले. प्रयोगशाळेतील उपकरणे काहीही सांगोत, गाडी चढावर कशी ओढते हे त्या शर्यतपटूस अधिक खात्रीचे वाटले असल्यास नवल नाही.

तथापि एक मोठी अडचण उरली होती, आणि हूद्रींचे खरे मोठेपण ती सोडविण्यात आहे. तेलाचे रेणू तुटताना त्यांतील काही कार्बन सुटा होऊन कोळशाच्या थराच्या रूपाने मातीवर बसे. थोड्याच मिनिटांत माती काळी पडून तिची शक्ती नाहीशी होई. मातीच्या कणांना असंख्य बारीक छिद्रे असतात. क्रिया घडते ती त्या छिद्रांच्या आतील पृष्ठभागावर. छिद्रे कोळशाने बुजली की, तेलाच्या वाफेला आत शिरण्यास वाट राहत नाही. त्यापूर्वीच्या संशोधकांनी अशा वेळी हात टेकले होते. कारण दर थोड्या मिनिटांनी उत्प्रेरक बदलावयाचा तर कारखाना चालावा कसा?

हूद्री यंत्रज्ञ होते. त्यांनी मातीवरचा कोळसा काढून न टाकता तो जागच्या जागी जाळून टाकण्याचे ठरविले. माती असलेल्या भांड्यातील तेलाची वाफ बंद करून त्यात गरम हवा सोडावयाची. कोळसा जळून वायुरूप होई व माती पुन्हा पूर्वीसारखी होई. मात्र हे काम वाटते तितके सोपे नव्हते. आच फार वाढली तर माती भाजून कायमची निकामी होई. आणि तेलाची वाफ व हवा एकत्र आली तर स्फोट ठरलेलाच. म्हणून त्यांनी भांडी पाळीपाळीने चालविण्याची योजना केली. एका भांड्यात सुमारे दहा मिनिटे तेलाचे भंजन चाले, त्याच वेळी दुसऱ्यात कोळसा जळत असे, आणि तिसऱ्यातील उरलेली वाफ अथवा हवा काढून टाकण्याचे काम चाले. सुमारे अर्ध्या तासात प्रत्येक भांड्याचा एक फेरा पुरा होई. झडपा उघडण्यामिटण्याचे काम घड्याळाच्या ठोक्यावर आपोआप होई. कोळसा जळताना निघणारी उष्णताही वाया न घालविता पुढील भंजनासाठी वापरली जाई. शत्रूच्या माऱ्यात अडकलेली यंत्रे हलविणाऱ्या माणसाचीच ही बुद्धी होती, असे म्हणावेसे वाटते.

फ्रान्समध्ये या शोधाला पुरेसा आश्रयदाता मिळाला नाही. तेव्हा 1930 साली व्हॅक्युम ऑइल या अमेरिकन कंपनीच्या निमंत्रणावरून हूद्री आपली उपकरणे घेऊन अमेरिकेस गेले. पुढच्याच वर्षी त्या कंपनीच्या सहकार्याने हूद्री प्रोसेस कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन झाली व न्यू जर्सीतील पॉल्सबरो येथे मोठ्या प्रमाणावर प्रयोग सुरू झाले. पण दैवाने पुन्हा आडवे यावयाचे ते आलेच. जागतिक मंदीचा तो काळ होता. व्हॅक्युम कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन सोकोनी-व्हॅक्युम झाली व प्रयोगांसाठी पैशाची चणचण भासू लागली. 1933 साली सन ऑइल ही कंपनी भागीदार म्हणून पुढे आली, तेव्हा कोठे काम मार्गी लागले. 1937 साली पेनसिल्व्हानियातील मार्कस हूक येथे दररोज 15,000 पिंपे तेलावर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला. त्यात शिरणाऱ्या जड तेलाच्या जवळजवळ निम्म्या भागाचे उत्तम पेट्रोल होऊन बाहेर पडे. नीसची ती वार्ता कानी आल्यापासून तोवर पंधरा वर्षे लोटली होती.

दोनच वर्षांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि लढाऊ विमानांसाठी 100 ऑक्टेनच्या पेट्रोलची प्रचंड मागणी निर्माण झाली. ते बनविण्यासाठी लागणारा मूळ माल हूद्रींच्या पद्धतीने विपुल मिळू लागला. विमान अधिक वेगाने वर चढणे म्हणजे वैमानिकाचा जीव वाचणे, असा तो प्रश्न होता. 1940 साली फ्रान्स जर्मनीपुढे नमला. व्हिशी येथे स्थापन झालेल्या फ्रेंच सरकारने शत्रूशी जुळते घेतले. हूद्रींना ते मान्य झाले नाही. जनरल द गॉल यांच्या बाजूने अमेरिकेत उभ्या राहिलेल्या फ्रान्स फॉरेव्हर या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. त्याबद्दल 1941 च्या मे महिन्यात व्हिशी सरकारने त्यांचे फ्रेंच नागरिकत्व काढून घेतले. ज्या देशाला परक्यांच्या तेलापासून मुक्त करावे म्हणून त्यांनी घरची संपत्ती खर्ची घातली, ज्याच्यासाठी रणांगणावर रक्त सांडले, त्याच देशाच्या सरकारने त्यांना परके ठरविले. 1942 च्या जानेवारीत ते अमेरिकेचे नागरिक झाले.

त्याच वर्षी त्यांच्या पद्धतीला मागे टाकणारी दुसरी पद्धत लुइझियाना राज्यात सुरू झाली. तीत उत्प्रेरकाची माती पिठासारखी बारीक करून वाफेच्या झोताबरोबर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वाहती ठेवीत. एका ठिकाणी तेलाचे भंजन होई, दुसऱ्या ठिकाणी कोळसा जळे. भांड्यांच्या पाळ्या लावण्याची गरजच उरली नाही. हूद्रींची स्थिर भांडी हळूहळू मोडीत निघाली, मूळ कल्पना मात्र तीच राहिली. 1954 साली मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे स्टॅनव्हॅक कंपनीने तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू केला. त्या कंपनीत निम्मी मालकी सोकोनी-व्हॅक्युमची, म्हणजे ज्या कंपनीने हूद्रींना अमेरिकेत बोलाविले तिच्याच वारसाची होती. तोच कारखाना पुढे राष्ट्रीयीकरणानंतर हिंदुस्थान पेट्रोलियमच्या हाती आला.

युद्धानंतर हूद्रींनी विश्रांती घ्यावी, एवढे यश व मान त्यांना मिळाला होता. परंतु लॉस एंजेलिस शहरावर मोटारींच्या धुराचे दाट मळभ पसरू लागल्याचे त्यांनी वाचले आणि ते अस्वस्थ झाले. मोटारी वाढविणारे उत्तम पेट्रोल त्यांनीच तर स्वस्त केले होते. 1950 च्या सुमारास त्यांनी ऑक्सी-कॅटलिस्ट नावाची नवी कंपनी काढली आणि मोटारीच्या धूरनळीत बसविण्याचा एक डबा तयार केला. त्यातील उत्प्रेरकावरून जाताना धुरातील विषारी वायू हवेशी संयोग पावून पुष्कळसे निरुपद्रवी होत. या डब्याचे पेटंट त्यांना 1956 साली मिळाले. बंदिस्त कोठारांत व खाणींत चालणाऱ्या गाड्यांना तो बसविण्यातही आला. रस्त्यावरील मोटारींना मात्र तो उपयोगी पडेना. कारण त्या काळी ऑक्टेन वाढविण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळीत, आणि ते शिसे उत्प्रेरकावर बसून त्याला कायमचे मारून टाकी. कोळसा जाळता येतो. शिसे जळत नाही. 18 जुलै 1962 रोजी हूद्री यांचे निधन झाले, तेव्हा हा प्रश्न तसाच होता. मुंबईसह चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना असा डबा आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले, ते 1995 साली.

हूद्री वारले त्याच वर्षी सोकोनीच्या वारस कंपनीने मातीऐवजी झिओलाइट नावाचे स्फटिक तेलाच्या भंजनासाठी वापरण्यास प्रारंभ केला. तेही सिलिका आणि ॲल्युमिना यांचेच असतात. परंतु त्यांची छिद्रे मोजून मापून केल्यासारखी सारख्या आकाराची असतात. ठरावीक आकाराचेच रेणू त्यांत शिरू शकतात, म्हणून अशा पदार्थांना रेणूंची चाळणी म्हणतात. हे नाव ज्यांनी दिले ते जेम्स मॅकबेन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक होते.

प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून तेल करण्यासाठी आज जे उत्प्रेरक वापरतात, त्यांत हे झिओलाइट आणि हूद्रींच्या मातीचे भाऊबंद प्रमुख आहेत. पॉलिथिनच्या पिशव्या वितळवून सुमारे 400 ते 500 अंश उष्णतेत, हवा न लागू देता, त्यांची वाफ उत्प्रेरकावरून नेली की लांब साखळ्या तुटतात; वाफ थंड केल्यावर तेल मिळते आणि न थिजणारा वायू त्याच भट्टीला जळण म्हणून देता येतो. डेहराडून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेत रोज एक टन प्लॅस्टिकपासून डिझेल तयार करणारे प्रायोगिक यंत्र 2019 साली सुरू करण्यात आले. मात्र अडचणी हूद्रींच्याच वेळच्या आहेत. कचरा स्वच्छ नसतो. त्याला चिखल, मीठ आणि अन्नाचे खरकटे लागलेले असते. पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकचा तुकडा त्यात राहिला तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो पाण्यात मिसळून तीव्र आम्ल बनतो, यंत्राचे लोखंड खातो आणि उत्प्रेरकही बिघडवितो. म्हणून पिशव्या एकीकडे, नळ्या व वायरींची वेष्टणे दुसरीकडे, अशी निवड आधी हातांनी करावी लागते. आणि खर्चाचा मोठा भाग या निवडण्याधुण्यातच जातो. शिवाय साखळ्या तुटताना उत्प्रेरकावर कोळसा बसतोच. काही मिनिटांत छिद्रे बुजू लागतात, क्रिया मंदावते. आणि मग वाफ बंद करून, आच सांभाळून, त्यावरून गरम हवा सोडावी लागते.